आधी पवनी, मग बुडापेस्ट

मुलांनो, तुमच्या घरी जगाचा नकाशा आहे? आमच्या साकोलीच्या घरात एक आहे. बैठकीच्या भिंतीवर, कडा पिवळ्या पडलेला. त्यावर आपला भंडारा जिल्हा सुईच्या टोकाएवढाही दिसत नाही आणि अख्खा युरोप माझ्या तळहाताखाली झाकला जातो. गेल्या दिवाळीत माझ्या पुतणीने त्या तळहाताएवढ्या युरोपवर लाल पेन्सिलीने चार टिंबं काढली. प्राग, व्हिएन्ना, ब्रातिस्लाव्हा आणि बुडापेस्ट. मग फराळाच्या ताटांभोवती सगळे जमले असताना तिने जाहीर केलं, "अठरा पूर्ण झाली की मी इथे जाणार. एकटी. आणि अगदी कमी पैशांत."

घरात एकदम शांतता पसरली. आजीच्या हातातला चिवड्याचा चमचा तसाच राहिला. "एकटी कशी जाशीन वो पोरी? खाशीन काय तिथं?" पुतणीचे बाबा, म्हणजे माझा मोठा भाऊ, आम्ही त्याला दादा म्हणतो, तो काही रागावला नाही. त्याने फक्त एक प्रश्न विचारला. "कमी पैशांत म्हणजे किती?"

पुतणीकडे उत्तर नव्हतं. त्याच रात्री तिने दोनशे पानी वही काढली आणि मला शेजारी बसवून घेतलं. त्या वहीची ही गोष्ट आहे. तुमच्यापैकी कुणाला पुढेमागे दूरच्या प्रवासाला निघायचं असेल, तर तुमच्याही उपयोगी पडेल.

पहिला प्रश्न, हीच चार शहरं का? पॅरिस, लंडन, रोम का नाही? कारण साधं आहे. युरोपात पूर्वेकडच्या शहरांत राहणं-खाणं पश्चिमेकडच्या बड्या शहरांपेक्षा साधारणपणे स्वस्त पडतं. (यात व्हिएन्ना जरा महाग आहे, पण ते वाटेवरच येतं!) आणि दुसरं म्हणजे ही शहरं एकमेकांच्या जवळ आहेत. व्हिएन्ना ही ऑस्ट्रियाची राजधानी आणि ब्रातिस्लाव्हा ही स्लोव्हाकियाची. दोन वेगळे देश, दोन वेगळ्या भाषा. पण मध्ये अंतर किती? आपल्या भंडारा-नागपूर अंतरापेक्षा थोडंसंच जास्त. रेल्वेने तासाभरात पोचता येतं. प्राग ते व्हिएन्ना सुमारे चार तास आणि ब्रातिस्लाव्हा ते बुडापेस्ट अडीचेक तास. म्हणजे चार देशांच्या चार राजधान्या फिरायच्या, तर गाडीत बसायचं नागपूर-मुंबई प्रवासापेक्षाही कमी वेळ!

शिवाय यातली तीन शहरं एकाच नदीच्या काठी आहेत, डॅन्यूबच्या. ही नदी जर्मनीतल्या काळ्या जंगलात उगम पावते, दहा देशांतून जवळजवळ २८५० किलोमीटर वाहते आणि काळ्या समुद्राला मिळते. वाटेत तिच्या काठी चार राजधान्या लागतात. व्हिएन्ना, ब्रातिस्लाव्हा, बुडापेस्ट आणि पुढे सर्बियाची बेलग्रेड. पुतणीला बेलग्रेडचाही मोह झाला होता. पण सर्बिया शेंगेनमध्ये नाही.

शेंगेन म्हणजे काय, ते सांगतो. लक्झेंबर्ग देशात शेंगेन नावाचं एक चिमुकलं गाव आहे. १९८५ साली तिथे युरोपातल्या पाच देशांनी एक करार केला की आपापसातल्या सीमांवर माणसांना अडवायचं नाही. १९९५ पासून तो अमलात आला. आज त्यात २९ देश आहेत. यातल्या एका देशाने व्हिसा दिला की तो बाकीच्या देशांतही चालतो आणि १८० दिवसांच्या काळात जास्तीत जास्त ९० दिवस तिथे राहता येतं. व्हिसा मागायचा कुणाकडे? ज्या देशात सर्वांत जास्त दिवस राहणार त्याच्याकडे. सगळीकडे सारखेच दिवस असतील, तर जिथे पहिलं पाऊल टाकणार त्याच्याकडे. मोठ्या माणसाच्या अर्जाची फी ९० युरो, म्हणजे आपले नऊ हजारांच्या आसपास. व्हिसा नाकारला तर ही फी परत मिळत नाही! वर किमान ३० हजार युरोचा आरोग्यविमा हवा, राहण्याची सोय कुठे केली ते दाखवायला हवं आणि खर्चापुरते पैसे बँकेत आहेत याचा पुरावा हवा. हे सगळं लिहून झालं तेव्हा वहीची पाच पानं भरली होती आणि पुतणीचा चेहरा उतरला होता.

"काका, प्रवास सुरू व्हायच्या आधीच एवढा खर्च?"

खरं आहे. आणि विमानाचं तिकीट तर अजून धरलंच नव्हतं.

मग आम्ही वाचवायच्या जागा शोधू लागलो. त्या शोधात एक फार छान माणूस भेटला, म्हणजे पुस्तकात भेटला. रिचर्ड शिर्मान नावाचे जर्मनीतले एक शाळामास्तर. १९०९ सालच्या ऑगस्टमध्ये ते आपल्या विद्यार्थ्यांना घेऊन पायी सहलीला निघाले होते. वाटेत तुफान पाऊस आला, विजा कडाडू लागल्या. एका गावातल्या शाळेत मुलांनी गवताच्या पेंढ्यावर रात्र काढली. मुलं झोपली, पण गुरुजी जागेच होते. त्यांच्या मनात आलं, सुट्टीत गावोगावच्या शाळा रिकाम्याच असतात. चालत फिरणाऱ्या मुलांना तिथे रात्रीपुरती जागा दिली तर? त्यातून १९१२ साली आल्टेना गावच्या जुन्या किल्ल्यात जगातलं पहिलं कायमचं युवा वसतिगृह उभं राहिलं. आज अशी वसतिगृहं जगभर आहेत. एका खोलीत सहा-आठ पलंग, एकावर एक. पलंगापुरते पैसे द्यायचे, सामायिक स्वयंपाकघरात आपलं आपण शिजवून खायचं. आजीच्या "खाशीन काय?" या प्रश्नाचं उत्तर सापडलं! मात्र एक अडचण आहे. अशा बऱ्याच ठिकाणी अठरा वर्षांखालच्या मुलांना एकटं राहू देत नाहीत. तेव्हा अठरा पूर्ण होईपर्यंत थांबणं भाग होतं.

पाण्याचंही तसंच. व्हिएन्नाला १८७३ पासून आल्प्स पर्वतातल्या झऱ्यांचं पाणी नळाने येतं. बाटली घरून न्यायची आणि नळावर भरायची. आणखी एक गंमत. ऑस्ट्रियातल्या सरकारी संग्रहालयांत एकोणीस वर्षांखालच्या मुलांना तिकीटच नाही! पुतणीने ताबडतोब हिशेब केला. अठरा पूर्ण ते एकोणीस, म्हणजे तिला बरोबर एक वर्ष मिळत होतं.

आता पासाची गोष्ट. युरोपात रेल्वेचा एकच पास काढून अनेक देश फिरता येतात. १९७२ साली इंटररेल नावाचा असा पास निघाला, तो सुरुवातीला एकवीस वर्षांखालच्या मुलांसाठीच होता. युरोपाबाहेरच्या लोकांसाठी युरेल पास आहे, तो १९५९ पासूनचा. हे ऐकून पुतणी हरखली. मी म्हटलं, "अगं, आपल्या एसटीचाही आहे की! 'आवडेल तेथे प्रवास'. १९८८ पासून. चार दिवसांचा किंवा सात दिवसांचा पास काढा आणि महाराष्ट्रभर हिंडा."

पण पास नेहमी स्वस्तच पडतो असं नाही, बरं का! रोज लांबलांबचा प्रवास असेल तरच त्याचे पैसे वसूल होतात. पुतणीच्या चार शहरांत तीनच तर प्रवास होते. त्या तीन प्रवासांची तिकिटं खूप आधी काढली, तर पासापेक्षा स्वस्त पडत होती. आम्ही पासावर काट मारली.

वही अशी भरत चालली होती. दादा रात्री जेवण झाल्यावर ती चाळायचा, काही बोलायचा नाही. एका रात्री त्याने वही मिटली आणि म्हणाला, "कागदावर ठीक आहे. पण तू आजवर एकटी कुठे गेली आहेस?"

पुतणी गप्प. शाळा, शिकवणी आणि मैत्रिणीचं घर. भंडाऱ्यालासुद्धा कुणी ना कुणी बरोबर असायचंच.

"मग आधी आपला जिल्हा एकटी फिरून ये. दोन दिवस. बेत तुझा, हिशेब तुझा. मी फोन करणार नाही. नीट परत आलीस, तर पासपोर्टच्या अर्जावर सही करीन."

तिला सतरावं सरलं नव्हतं, त्यामुळे आईबाबांच्या सह्यांवाचून अर्ज पुढे जाणार नव्हता. आईने तर सरळ सांगून टाकलं होतं, "तुझे बाबा करतील तेव्हाच मी करीन." आईबाबा, तुम्ही हे वाचत असाल तर दादाला कठोर म्हणू नका. "मी फोन करणार नाही" हे म्हणताना त्याचा आवाज कसा झाला होता, ते मी ऐकलं आहे.

बेत ठरला. डॅन्यूबच्या जागी आपली वैनगंगा. पहिल्या दिवशी साकोलीहून भंडारा, तिथून मोहाडी आणि तुमसर, रात्री परत भंडाऱ्याला आत्याकडे मुक्काम. (युरोपात आत्या नसते, हे सगळ्यांना मान्य होतं. पण यावर वाद घालायची आमच्या घरात कुणाची छाती नव्हती.) दुसऱ्या दिवशी पवनी आणि संध्याकाळी घरी. २०२३ च्या मार्चपासून एसटीत मुली-बायकांना अर्धं तिकीट आहे, त्यामुळे दोन दिवसांचं भाडं दोनशे-अडीचशेत बसत होतं. एकूण खर्चाला तिने पाचशे रुपये धरले. निघाली ती शनिवारी सकाळी, पाठीवर शाळेचंच दप्तर.

मोहाडीला चौंडेश्वरी देवीचं दर्शन घेतलं आणि तुमसरला पोचली. तुमसर म्हणजे धानाची मोठी बाजारपेठ. तिथे तर्री-पोहे खाल्ले आणि खिशातले पैसे मोजले. सगळं बेताप्रमाणे चाललेलं पाहून तिला स्फुरण चढलं. परतीला एसटीऐवजी रेल्वेने जावं! पॅसेंजरचं तिकीट आणखी स्वस्त. तुमसर रोड ते भंडारा रोड, मधली थोडीशी स्टेशनं.

आता तुम्ही भंडाऱ्याचे असाल तर आत्ताच हसला असाल. कारण तुमसर रोड स्टेशन तुमसरात नाही, ते आहे देव्हाडीला. आणि भंडारा रोड स्टेशन भंडाऱ्यात नाही, ते वरठीला! स्टेशनापर्यंत ऑटो, स्टेशनापासून पुन्हा ऑटो. संध्याकाळ झाली म्हणून वरठीला ती वाटणीच्या ऑटोसाठी थांबलीच नाही, एकटीने केला. रेल्वेत जे वाचलं त्याच्या कितीतरी पट दोन ऑटोंत गेलं. त्या रात्री आत्याकडे बसून तिने वहीत मोठ्या अक्षरांत लिहिलं, "नावावर जाऊ नये."

हे वाक्य पुढे फार उपयोगी पडलं. युरोपात काही स्वस्त विमानं 'पॅरिस' म्हणून ज्या बोव्हे विमानतळावर उतरतात, तो पॅरिसपासून ऐंशीएक किलोमीटर दूर आहे. 'फ्रँकफर्ट-हान' तर फ्रँकफर्टपासून सव्वाशे किलोमीटरच्या आसपास! तिकीट स्वस्त, पण पुढे शहरात जायचं कसं आणि किती रुपयांत, हे आधी पाहावं लागतं. तेही एक प्रकारचे भंडारा रोडच.

दुसरा दिवस पवनीचा. भंडाऱ्याहून दक्षिणेला साधारण पंचेचाळीस किलोमीटर. पवनीला तुम्ही कधी गेला आहात? नसाल, तर आईबाबांच्या मागे लागा. वैनगंगेकाठचं हे गाव. किल्ल्याचा दरवाजा अजून उभा आहे. गावात इतकी देवळं की लोक त्याला विदर्भाची काशी म्हणतात. पण पवनीचं खरं नवल मातीखाली होतं. १९६९-७० साली नागपूर विद्यापीठ आणि भारतीय पुरातत्त्व खात्याने इथल्या जगन्नाथ टेकडीवर उत्खनन केलं. शां. भा. देव आणि जगत्पती जोशी हे दोन पुरातत्त्वज्ञ त्याचे प्रमुख होते. तिथे सापडला एक भव्य बौद्ध स्तूप, दोन हजार वर्षांहून जुना! त्याच्या भोवतीच्या कठड्याचे दगडी खांब मिळाले आणि त्यांवर दान देणाऱ्या माणसांची नावं ब्राह्मी लिपीत कोरलेली होती.

पुतणी टेकडीवर बराच वेळ बसली. तिच्या वहीत बुडापेस्टच्या पानावर अक्विंकम नावाच्या रोमन शहराचे अवशेष पाहायचे असं लिहिलेलं होतं. ते शहर भरभराटीला आलं इसवी सनाच्या दुसऱ्या शतकात. पवनीचा स्तूप त्याच्याही आधीचा. "काका," ती नंतर मला म्हणाली, "मी ते बघायला सहा हजार किलोमीटर जाणार होते, आणि याला घरापासून दीड तास होता." मग घाईघाईने पुढे म्हणाली, "पण मी तिकडेही जाणारच आहे हं!"

टेकडीवरून ती साडेचारला स्टँडवर आली. तिच्या वहीप्रमाणे पावणेपाचची भंडारा गाडी होती. वेळापत्रकाच्या फलकाचा फोटो तिला एका मैत्रिणीने पाठवला होता, त्यावरून तिने सगळ्या वेळा उतरवल्या होत्या. पाच वाजले. सव्वापाच झाले. गाडी नाही. शेवटी तिने चौकशीच्या खिडकीवर विचारलं.

"ती शाळेची फेरी हाय बाई. आज इतवार. आज नाही यायची."

पुढची गाडी साडेसहाला, आणि त्या दिवशीची ती शेवटची.

मुलांनो, विचार करा. अंधार पडायला आलेला, स्टँडवरची गर्दी पांगत चाललेली, पाचशेतले एकशे वीस रुपये उरलेले. बाहेर एक जीपवाला "चला भंडारा, चला भंडारा" ओरडत होता, पण जीपमध्ये सगळी अनोळखी माणसं आणि ती भरल्याशिवाय निघणार नाही. आत्याला फोन करावा? बाबांना? तिचा हात दोनदा फोनकडे गेला, असं तिने मला प्रामाणिकपणे सांगितलं. रडूही आलं होतं. मग ती चौकशीच्या खिडकीसमोरच्या बाकावर, दिव्याखाली, दोन लेकरं घेऊन बसलेल्या एका बाईंशेजारी जाऊन बसली. त्याही त्याच गाडीने जाणार होत्या. आणि मग तिने घरी फोन केला.

फोन मी उचलला. ती म्हणाली, "काका, गाडी चुकली नाही, गाडी नव्हतीच. साडेसहाची आहे, तिने येते. भंडाऱ्याहून साकोलीला हायवेवर गोंदिया, देवरीच्या गाड्या आहेत, त्या मी आधीच लिहून ठेवल्या आहेत. नऊपर्यंत पोचेन. बाबांना एवढंच सांगा."

बाबांना सांगायची गरजच नव्हती. दादा मागे उभाच होता आणि त्याने खुंटीवरची मोटारसायकलची किल्ली काढलीही होती. तेव्हा कोण आडवं आलं असेल? आजी! तीच आजी, जिच्या हातातला चिवड्याचा चमचा थांबला होता.

"थांब ना बा. तिनं तुला बोलावलं काय? येतो म्हणते ना पोरगी."

दादा खाली बसला. किल्ली मात्र हातातच होती. त्यानंतरचे अडीच-तीन तास आमच्या घरात टीव्ही लागला नाही.

नऊला दहा मिनिटं कमी असताना ती साकोलीच्या स्टँडवर उतरली. दादा तिथे होता, पण समोर नाही. पलीकडच्या चहाच्या टपरीच्या आडोशाला, जणू सहज चहा प्यायला आलाय! पुतणीने त्याला बरोबर पाहिलं. पण न पाहिल्यासारखं करून ती सरळ घराच्या वाटेला लागली आणि दादा तिच्यामागून वीसएक पावलं अंतर ठेवून चालत आला. घरी आल्यावर त्याने एवढंच विचारलं, "जेवलीस?"

त्या रात्री उशिरापर्यंत पुतणी वही दुरुस्त करत होती. एक नवा नियम लिहिला, शेवटच्या गाडीचा भरवसा धरून बेत करायचा नाही, तिच्या आधीची गाडी पकडायची. म्हणजे ती रद्द झाली तरी एक हाताशी उरते. दुसरं, वेळापत्रक पाहताना वार पाहायचा. व्हिएन्नाच्या पानावर ती थबकली. तिथला तिचा पहिला दिवस रविवार होता. ऑस्ट्रियात रविवारी बहुतेक दुकानं कायद्यानेच बंद असतात. वसतिगृहात पोचायचं, स्वयंपाकघरात शिजवायचं, पण सामान आणायचं कुठून? हे तिच्या दोन महिन्यांच्या अभ्यासात एकदाही लक्षात आलं नव्हतं. तिने सगळा बेत एका दिवसाने पुढे ढकलला.

मग पैशांचं पान काढलं. चार देशांत तीन चलनं आहेत. ऑस्ट्रिया आणि स्लोव्हाकियात युरो, चेक देशात कोरुना, हंगेरीत फोरिंट. प्रत्येक ठिकाणी पैसे बदलले की थोडे थोडे गळतात. वाटणीच्या ऑटोची वाट न पाहिल्याने गेलेले पैसे तिला आठवले असावेत, कारण त्या पानावर तिने 'अडीअडचणीसाठी' असा एक वेगळा रकाना आखला. आधीच्या बेतात तो नव्हता.

दादाने सही केली ती आठ दिवसांनी. करताना म्हणाला, "विमानाच्या भाड्यातलं अर्धं मी देईन, अर्धं तू जमव." म्हणून आता पुतणी संध्याकाळी गल्लीतल्या तीन मुलांची गणिताची शिकवणी घेते आणि मिळालेले पैसे पोस्टात टाकते. अजून बरेच जमायचे आहेत. बेलग्रेडचं तर नावही काढायचं नाही, असं तिचं तिनेच ठरवलं आहे.

परवा मी गेलो तेव्हा आजी नकाशासमोर उभी होती, चष्मा कपाळावर चढवून. त्या लाल टिंबांवर बोट ठेवून तिने पुतणीला विचारलं, "ह्या गावाहून त्या गावाला रविवारी गाडी असते काय वो?"

पुतणी वही उघडून पान शोधत होती.